मराठवाड्याचं पाणी, ऊन आणि कुरळे केस: लीव्ह-इन निवडायचं कसं

कुरळ्या केसांबद्दल शोधायला बसलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी आपल्या केसांचा प्रकार ओळखा. 2बी की 3ए अशी कुरळेपणाच्या प्रकारांची नावं, म्हणजे बट सैल की घट्ट. माझ्या मते आपल्याकडे हा क्रम उलटा हवा. लातूर, बीड, जालना, परभणी, कुठंही राहत असाल तर आधी दोन गोष्टी बघा: बादलीत पाणी कुठलं येतंय आणि महिना कोणता चालू आहे. बटेचा आकार त्यानंतर. त्याच डोक्यावर त्याच बाटलीतलं क्रीम मे महिन्यात एक वागतं आणि ऑगस्टमध्ये भलतंच. नळाच्या पाण्याने धुतलेले केस मऊ पडतात, पुढच्या वेळी बोअरच्या पाण्याने धुतले की तेच केस झाडूसारखे उभे राहतात. मग मुलगी बाटलीला दोष देते आणि दुसरी महागडी बाटली मागवते. हा खर्च वाचावा, म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी लीव्ह-इन म्हणजे काय ते सांगते. केस धुतल्यावर लावायचं आणि पुढच्या धुण्यापर्यंत केसांतच ठेवायचं जे कंडिशनर, क्रीम किंवा जेल, ते लीव्ह-इन. शाम्पूनंतरचं नेहमीचं कंडिशनर दोन-तीन मिनिटांत धुऊन टाकतो. हे केसांवर राहतं. कुरळ्या केसांना त्याची गरज जास्त, कारण टाळूत तयार होणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, पण वळणावळणाच्या केसात ते मुळाशीच अडतं. म्हणून मुळं तेलकट आणि टोकं राठ, हे एकाच डोक्यावर दिसतं. केसाच्या पृष्ठभागावरचे बारीक खवले टोकांकडे झिजलेले असतात, केस केसात अडकतो, गुंता होतो आणि कोरड्यावर फणी फिरवली की तुटतो. कंडिशनरमधल्या मुख्य घटकांवर धन विद्युतभार असतो आणि झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण. त्यामुळे केस जिथे जास्त खराब, तिथेच ते जास्त चिकटतात. लीव्ह-इनमुळे हा मऊ थर दिवसभर टिकतो, एवढंच त्याचं काम. त्याने केस वाढत नाहीत, दाट होत नाहीत आणि सरळ केस कुरळे होत नाहीत.

पहिली पायरी: पाणी ओळखा

आपला प्रदेश काळ्या बेसॉल्ट खडकाचा. खडकाच्या भेगांत साठलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊनच वर येतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चालणारं पाणीसुद्धा केसांना चांगलंच जड असू शकतं. त्यातही आपल्याकडे पाणी एकसारखं नसतं. नळ चार-आठ दिवसांनी येतो, मधल्या दिवसांत बोअर, उन्हाळ्यात टँकर. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे तिथल्या कोणाला सांगायला नको. व्हिडिओतली बाई शॉवरखाली वीस मिनिटं उभी राहून केसांत कंडिशनर जिरवत असते. तिची पद्धत आपल्या बादलीत बसत नाही आणि बसवायची गरजही नाही.

पाणी जड आहे का हे बघायला गिझरची कॉइल, नळाची तोटी आणि बादलीची आतली कड बघा. पांढरा, खरवडावा लागणारा थर असेल तर उत्तर मिळालं. आणखी खात्री हवी असेल तर दोन सारख्या बाटल्यांत अर्ध्यापर्यंत पाणी घ्या, एकीत बोअरचं आणि एकीत आरओचं. दोन्हींत कपडे धुण्याच्या साध्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. आरओच्या बाटलीत फेस उभा राहील, जड पाण्याच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी गढूळ, वर साय धरल्यासारखी. शाम्पूने ही चाचणी करू नका, तो जड पाण्यातही फेसाळतो.

ही साय केसांवरही बसते. साबणाची वडी केसांना लावत असाल तर ती आजच बंद करा. शाम्पूने अशी साय धरत नाही, पण क्षार केसाला चिकटतातच, आणि वर क्रीमचा एकेक थर चढत जातो. मग केस चिकट आणि कोरडे असे दोन्ही एकदम लागतात, नवं लीव्ह-इन आत मुरत नाही, हाताला मेणचट येतं. अशा वेळी आणखी जड क्रीम घेणं हा उलटा उपाय झाला. आधी धुणं बदला, बाटली नंतर.

धुणं कसं बदलायचं? महिन्यातून एक-दोनदा क्लॅरिफाइंग, म्हणजे साठलेला थर काढणारा, किंवा हार्ड वॉटरसाठीचा म्हणून विकला जाणारा शाम्पू वापरा. बाटलीच्या मागे ईडीटीए किंवा फायटेट असे शब्द यादीत बऱ्यापैकी वर दिसायला हवेत, कारण तेच क्षारांना धरून सोडवतात. बाकी धुणी नेहमीच्या सौम्य शाम्पूने. आणि शेवटचे दोन तांबे आरओच्या किंवा जारच्या पाण्याचे. सगळं डोकं आरओने धुवायची चैन कोणाला परवडणार, पण शेवटचं पाणी मऊ असलं तरी फरक हाताला लागतो. पावसाळ्यात पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन गेल्यावर पन्हाळीचं पाणी धरता आलं तर उत्तम. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

एक धोका मात्र आवर्जून सांगायला हवा. आरओ मशीनमधून जे पाणी वाया जातं ते आपण बादलीत धरतो, ते योग्यच आहे. पण त्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. ते फरशीला, संडासात वापरा, केसांना नको. लातूरला नीटच्या क्लाससाठी आलेल्या आणि हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली केस एकदम राठ झाल्याचं सांगतात, तेव्हा मी क्रीमचं नाव विचारण्याआधी पाण्याचं विचारते. घरून फक्त आरओचं पाणी धरायला दोन लिटरची बाटली आणि एक चांगला शाम्पू पाठवला तरी अर्धं काम होतं.

दुसरी पायरी: केस हातात घेऊन बघा

हे पटकन होतं. गळलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. जाणवतच नसेल तर केस बारीक. स्पष्ट, जरा खरखरीत लागत असेल तर जाड. डोक्यावर केस किती दाट आहेत हा वेगळा प्रश्न. दाट पण बारीक केस आपल्याकडे पुष्कळ मुलींना असतात आणि त्याच मुली जड क्रीम घेऊन फसतात.

पाण्याच्या ग्लासात केस टाकून तो बुडतो का तरंगतो हे बघायची चाचणी सगळीकडे सांगितली जाते. मी ती करायला सांगत नाही. केसाला जरासं तेल किंवा हवेचा बुडबुडा लागला असेल तरी निकाल बदलतो. त्यापेक्षा धुताना बघा. पहिला तांब्या ओतल्यावर पाणी वरून घसरून जातं आणि केस भिजायला वेळ लागतो का? मग केस पाणी कमी शोषतात. त्यांना पातळ, दुधासारखं लीव्ह-इन पुरतं. ओतल्याबरोबर भिजतात आणि पंख्याखाली पटकन वाळून भुरभुरीत होतात का? मग त्यांना जरा घट्ट क्रीम लागेल. स्मूदनिंग, ब्लीच किंवा वारंवार रंग केलेले केस बहुतेक या दुसऱ्या गटात येतात.

तिसरी पायरी: महिना बघा

ग्लिसरीन हा शब्द पाठ करून ठेवा. ते पाणी ओढून धरणारं द्रव्य आहे. मध, कोरफड, पॅन्थेनॉल यांचं कामही त्याच जातीचं. हवेत बेताचा ओलावा असतो, म्हणजे पाऊस ओसरल्यावर, तेव्हा ग्लिसरीनचं लीव्ह-इन छान काम करतं. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 ला टेकतो, झळा वाहतात, हवेत ओढून घ्यायला ओलावाच नसतो. अशा दिवसांत ग्लिसरीन भरपूर असलेलं क्रीम लावून बाहेर पडलं की केस दुपारपर्यंत कडक आणि कोरडे. उलट जुलै-ऑगस्टच्या झडीत तेच ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं, केस फुगतात आणि बटा विस्कटतात. म्हणून कडक उन्हाळा आणि भर पावसाळा, दोन्हींत ते यादीत खालच्या बाजूला असलेलं बरं.

उन्हाळ्यात क्रीमवर जेलचा थर द्या, म्हणजे आतला ओलावा टिकतो. पावसाळ्यात क्रीम निम्मं करा आणि जेल वाढवा. थंडीत, आणि परभणीची थंडी काही साधी नाही, हवा पुन्हा कोरडी होते. तेव्हा टोकांना जरा जास्त क्रीम आणि धुण्याच्या आदल्या रात्री खोबरेल. खोबरेल तेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. सूर्यफुलाच्या तेलाने आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. म्हणून आजीचं खोबरेल धुण्याआधी लावायला पक्कं. धुतल्यावर लीव्ह-इन म्हणून मात्र ते चापून लावू नका; क्रीम बसत नाही, धूळ बसते. आपल्याकडच्या करडईच्या तेलाचे दोन थेंब वाळलेल्या टोकांवरून फिरवायला चांगले. ते हलकं असतं, केसावर पातळ बसतं आणि घरात असतंच.

चौथी पायरी: बाटली उलटी करा

पुढच्या बाजूला आर्गनचं झाड असतं, नारळ असतो, ‘शंभर टक्के कर्ल’ असतं. त्यातलं काही वाचू नका. मागची यादी वाचा. त्यात घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. 1 टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कुठल्याही क्रमाने चालतात.

समजा मागे असं आहे: ऍक्वा, सिटिअरिल अल्कोहोल, बेहेन्ट्रिमोनियम मेथोसल्फेट, कोकोनट ऑइल, ग्लिसरीन, डायमेथिकोन, हायड्रोलाइज्ड व्हीट प्रोटीन, फिनॉक्सीइथेनॉल, परफ्यूम, आर्गन ऑइल, अॅलोवेरा एक्स्ट्रॅक्ट.

ऍक्वा म्हणजे पाणी. ते पहिलं असणं चांगलंच. पाणी नसलेलं निव्वळ तेल किंवा सीरम हे लीव्ह-इन कंडिशनर नव्हे. सिटिअरिल अल्कोहोल बघून घाबरायचं कारण नाही. सिटिअरिल, सिटिल, स्टिअरिल ही मेणासारखी मऊ अल्कोहोलं आहेत, क्रीमला दाटपणा आणि केसाला मऊपणा देतात. टाळायचं ते अल्कोहोल डिनॅट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेही पहिल्या पाचांत असेल तर. बेहेन्ट्रिमोनियम हा तो धनभारित घटक, गुंता सोडवणारा. सिट्रिमोनियम क्लोराइड त्याचाच भाऊबंद. या दोघांपैकी एक तरी सापडला की हे खरं कंडिशनर आहे असं समजा.

डायमेथिकोन हे सिलिकॉन. त्याच्याबद्दल फार भीती घातली जाते. ते विष नाही, केस गुदमरत नाहीत, कारण केस श्वास घेतच नाहीत. ते केसावर गुळगुळीत थर देतं, फणी सहज फिरते, झळांत उपयोगी पडतं. प्रश्न एवढाच की ते पाण्याने निघत नाही, साध्या शाम्पूने निघतं. तुम्ही शाम्पू वापरत असाल तर खुशाल घ्या. शाम्पू पूर्ण सोडून फक्त कंडिशनरने केस धुण्याची पद्धत धरली असेल तर मात्र सिलिकॉन साठत जाईल. जड पाण्याच्या गावात ती पद्धत मला तरी सुचवावीशी वाटत नाही.

प्रोटीन बघताना हायड्रोलाइज्ड हा शब्द शोधा. म्हणजे लहान तुकडे केलेलं. रंगवलेल्या, ढिल्या पडलेल्या केसांना ते आधार देतं. पण क्रीममध्येही प्रोटीन, जेलमध्येही, मास्कमध्येही असं तिन्हीकडे झालं तर बऱ्याच जणींचे केस ताठ आणि काटकीसारखे होतात. एका वेळी एकाच गोष्टीत असू द्या.

आता गंमत फिनॉक्सीइथेनॉलची. हे क्रीम टिकवणारं द्रव्य 1 टक्क्याहून जास्त घालायला परवानगी नाही. त्यामुळे ते यादीतली एक रेघ म्हणून वापरता येतं: त्याच्या नंतर जे येतं ते साधारण 1 टक्क्याच्या आतलं. आपल्या या बाटलीत आर्गन आणि कोरफड दोन्ही रेघेच्या खाली आहेत. पुढच्या चित्रात ज्याचं झाड आहे ते आत थेंबभर. खोबरेल मात्र चौथं आहे, ते खरं आहे. ही एक सवय लागली की दुकानात उभ्या-उभ्या दोन मिनिटांत बाटली निवडता येते. नजर नको म्हणत असेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. अक्षर इतकं बारीक छापतात की तरुण डोळ्यांनाही दिसत नाही.

पाचवी पायरी: कुठल्या रूपातलं घ्यायचं

बारीक केसांना स्प्रे किंवा दुधासारखं पातळ लोशन. मध्यम केसांना क्रीम. जाड, राठ, घट्ट बटांना घट्ट क्रीम, त्यात शिआ बटर असलं तरी चालतं. जेल हे सगळ्यांना, कारण क्रीम मऊ करतं पण बट धरून ठेवत नाही. ते काम जेलचं. जेलमधले पॉलिक्वाटर्नियम, पीव्हीपी यांसारखे घटक वाळताना केसावर पातळ पापुद्रा धरतात आणि बट त्याच आकारात राहते. सुरुवातीला एक लीव्ह-इन आणि एक जेल, बास. सीरम, मूस, कर्ल टॉनिक हे पहिले दोन-तीन महिने विकत घेऊ नका. दहा बाटल्या एकदम आणल्या की कोणत्या बाटलीने काय केलं हे कळायला मार्गच उरत नाही.

विकत घेताना

कुरळ्या केसांसाठी खास माल बनवणाऱ्या भारतीय कंपन्या आता बऱ्याच आहेत: फिक्स माय कर्ल्स, अशबा बोटॅनिक्स, मेनटेन, कर्ल अप, अराता. बहुतेकींचा माल ऑनलाइन मिळतो. संभाजीनगरच्या गुलमंडीत किंवा लातूरच्या गंजगोलाईच्या आसपास मोठ्या कॉस्मेटिकच्या दुकानांत विचारलं तर नेहमीच्या कंपन्यांची लीव्ह-इन आणि जेलही सापडतात. लहान बाटली असेल तर तीच घ्या. 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे भारतात बनलेल्या बाटलीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि बाहेरून आलेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक लागतो. तो नसेल तर कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या. घरी बनवलेलं म्हणून बिनलेबलच्या डब्यात विकलं जाणारं क्रीमही नको. पाणी असलेल्या क्रीमला टिकवणारं द्रव्य नसेल तर आपल्या उन्हाळ्यात त्यात बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पहिल्यांदा लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन दिवस बघा. खाज, लाली आली तर वापरू नका. बाटली न्हाणीघराच्या पत्र्याखाली ठेवू नका, तापून क्रीम फाटतं, कपाटात ठेवा. आणि चार धुणी होईपर्यंत मत बनवू नका.

लावायची पद्धत

माझ्या मते अर्धा निकाल इथे लागतो. चांगलं क्रीम चुकीच्या वेळी लावलं की वाया जातं, आणि वेळ म्हणजे केस ठिबकत असतानाची. टॉवेलने पुसून, अर्धे वाळवून मग लावलं तर बटा सुटलेल्याच राहतात.

केसांत कंडिशनर असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवून घ्या. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून घाई नको. कंडिशनर धुऊन शेवटचे दोन तांबे मऊ पाण्याचे झाले की न्हाणीतच उभं राहून डोकं पुढे वाकवा. खांद्यापर्यंतच्या केसांना पाच रुपयाच्या नाण्याएवढं क्रीम घ्या, दोन्ही तळहातांवर पातळ पसरा. केसांचे चार भाग करा. एकेक भाग तळहातांमध्ये धरून मध्यापासून टोकापर्यंत हात सरकवत न्या, मुळाला लावू नका. उरलेलं हाताला असेल तेवढंच वरच्या थराला. मग बोटं फणीसारखी फिरवा.

आता टोकं तळहातात घ्या आणि मूठ वळत टाळूकडे दाबा. चपचप असा आवाज यायला हवा. आवाज येत नसेल तर केसांत पाणी कमी आहे, थोडं शिंपडा आणि पुन्हा दाबा. पांढरे पट्टे दिसत राहिले तर क्रीम जास्त झालं. पुढच्या वेळी निम्मं. या आवाजावर लक्ष ठेवलं की मापाचे चमचे लागत नाहीत.

त्यावरून जेल, तसंच दाबत. नंतर जाड टर्किश टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती टी-शर्ट, पंचा किंवा धुऊन मऊ झालेली दस्ती घ्या, केस खालून त्यात झेलून दाबा आणि पाणी टिपा. मग हात लावायचा नाही. वाळेपर्यंत अजिबात नाही. वाळताना बटा कडक होतात. घाबरून धुऊ नका, तो जेलचा पापुद्रा आहे. पूर्ण वाळल्यावर तळहातावर करडईचे एक-दोन थेंब चोळून बटा हलकेच दाबा, कडकपणा मोडतो आणि आतून मऊ बट निघते. अर्धवट ओल्यात मोडलात तर सगळं भुरभुरतं.

कूलरसमोर बसून केस वाळवणं टाळा. त्याची हवा ओली असते, केस वाळायला वेळ लागतो आणि जोराच्या झोतात बटा विस्कटतात. छताच्या पंख्याखाली बसा.

घरचं जवसाचं जेल

ज्यांना विकतचं जेल परवडत नाही त्यांच्यासाठी हा खरा पर्याय आहे, नुसता घरगुती नुस्खा नाही. चटणीसाठी आणतो तोच जवस, पण न भाजलेला आणि न कुटलेला. दोन मोठे चमचे जवस, एक पेला आरओचं पाणी. मंद आचेवर ठेवून ढवळत राहा, नाहीतर तळाला बसतं. सात-आठ मिनिटांत वर पांढरा फेस येतो आणि पाणी दाट होतं. चमचा उचलला की धार न तुटता तार ओढली जाते. त्या क्षणी गॅस बंद. तार आल्यावर आणखी उकळलं तर गोळा होतो आणि काही केल्या गाळला जात नाही. गरम असतानाच जुन्या ओढणीच्या पातळ कापडातून गाळा, गार झालं की जवस सोडत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. वीज बराच वेळ जात असेल तर थोडंच करा, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून लागेल तसं एकेक काढा. आंबट वास आला की फेकून द्या.

स्कार्फ, हेल्मेट आणि दुसरा दिवस

स्कूटीवर निघताना तोंड-डोकं स्कार्फने गच्च बांधल्याशिवाय आपल्याकडे मुली उन्हाळ्यात बाहेर पडत नाहीत, आणि पडूही नये. पण सुती स्कार्फ केसांतला ओलावा शोषतो आणि घासतो. टेलरकडे सॅटिनच्या अस्तराचा चौकोनी तुकडा मिळतो, तो आधी केसांवर ठेवा, वर स्कार्फ. ओले केस कधीही बांधू नका. सकाळी घाई असेल तर आदल्या संध्याकाळी धुवा. हेल्मेटखाली केस खालच्या बाजूला सैल बांधले तर बटा कमी मोडतात. झोपतानाही सॅटिनच्या त्याच कापडाचा अभ्रा शिवून घ्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवायला पाणी कुठून आणायचं? स्प्रेच्या बाटलीत आरओचं पाणी घ्या, विस्कटलेल्या बटांवर शिंपडा, हाताला वाटाण्याएवढं लीव्ह-इन घेऊन त्याच बटा दाबा. पाणी आणि क्रीम एकत्र मिसळून बाटली भरून ठेवायची असेल तर एक-दोन दिवसांपुरतीच. क्रीमला टिकवणारं द्रव्य पाण्याने पातळ झालं की ते काम करत नाही.

लहान मुलींसाठी

शाळेत जाणाऱ्या मुलीचे कुरळे केस रोज सकाळी कोरड्यावर ओढून विंचरणं आणि तिचं रडणं, हे घरोघरी चालतं. तिला वेगळं काही महाग घ्यायची गरज नाही. स्प्रेने केस ओले करा, सुगंध नसलेलं पातळ लीव्ह-इन थोडंसं लावा, टोकांकडून वर गुंता सोडवा आणि सैल वेणी घाला. गच्च वेणीने कपाळावरची केसांची रेषा मागे सरकते, हे खरं आहे. आणि तिच्यासमोर ‘काय हे टोपलं’ म्हणू नका. शाळेतल्या फोटोच्या दिवशी केस सरळ करून देण्याचा हट्ट ती पुढे जन्मभर धरून बसते.

क्रीमचं काम नाही तेव्हा

कोंडा असेल तर लीव्ह-इन आणि तेल दोन्ही टाळूपासून लांब ठेवा. कोंड्यामागची मॅलासेझिया ही बुरशी तेलावर वाढते. कपाळाच्या कडेने बारीक पुटकुळ्या येत असतील तर तिथपर्यंत क्रीम जातंय, मागे घ्या. टायफॉइड, डेंगी किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळू लागतात. ते बहुधा आपोआप सावरतं, पण चाईसारखे गोल चट्टे पडत असतील, टाळू दुखत असेल, खपल्या धरत असतील तर बाटल्या बदलण्यात महिने घालवू नका. संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड आणि अंबाजोगाईची सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं, या सगळीकडे त्वचारोगाची बाह्यरुग्ण तपासणी होते. जाताना सध्या वापरत असलेल्या बाटल्यांच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.